बापूंचा पिकअप

बापूंच्या गिटारचा आवाज पत्र्याच्या डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखा येतो, हे त्यांच्या मेहुण्याने भर जेवणात, हातातला घास खाली न ठेवता सांगितलं. मेहुणा तसा वाईट माणूस नव्हता. पण त्याच्याकडे स्वतःची महागडी गिटार होती, आणि अशा माणसाच्या बोलण्यात आपोआप एक दया येते. कुणी शिवी दिली तर ती निदान परत करता येते. दयेचं काय करायचं?

"भाऊजी, तुम्ही वाजवता मनापासून," तो म्हणाला, "पण ते पिकअप अगदीच हलके आहेत हो. बदलून टाका."

बापू वजनमापे खात्यात निरीक्षक होते. लग्नानंतर सासरी सगळे जावईबापू म्हणू लागले. पुढे त्यातला जावई गळून पडला आणि बापू तेवढे राहिले, ते थेट कचेरीपर्यंत पोचले. त्यांचं आयुष्य दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात गेलं होतं. मखमली खणांच्या पेटीत पितळी वजनं घेऊन ते बाजारात शिरले की काट्याखाली चिकटवलेलं काहीबाही घाईघाईने काढलं जाई. एवढ्या मोठ्या माणसाच्या घरातली वस्तू हलकी निघावी, आणि तीही मेहुण्यासमोर, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

ज्यांनी इलेक्ट्रिक गिटार जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं की तारांखाली ज्या तीन पांढऱ्या पट्ट्या बसवलेल्या असतात त्यांना पिकअप म्हणतात. आत छोटी चुंबकं, आणि चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी. वर गिटारची तार थरथरली की या पट्टीला ते कळतं आणि ती ते वायरीतून स्पीकरला सांगते. हलक्या पिकअपचा दोष असा की तो नुसतं तारेचं ऐकत नाही. ट्यूबलाइटचं ऐकतो, फ्रिजचं ऐकतो, शेजारच्या घरातल्या पंख्याचं ऐकतो, आणि सगळ्यांचं सगळं पुढे सांगतो. अशी माणसं प्रत्येक कचेरीत असतात. तिथे त्यांना बढती मिळते. गिटारमध्ये मात्र त्यांच्यामुळे एक अखंड घुंघुं ऐकू येते.

मेहुण्याच्या बोलण्यावर बापू काहीतरी झणझणीत उत्तर शोधत होते, तेवढ्यात बायको ताटं गोळा करायला उठली आणि जाता जाता म्हणाली, "ती घुंघुं बंद झाली तर आईच्या वाढदिवसाला मी म्हणेन एखादं गाणं."

आणि आत निघून गेली.

मेहुण्याचा घास खरोखरच खाली राहिला. बापूही तसेच बसून राहिले. कारण बापूंनी या बाईला आधी ऐकलं होतं आणि मग पाहिलं होतं. एका सभागृहाच्या बाहेर, खिडकीखाली, सायकलचं कुलूप उघडता उघडता त्यांनी तो आवाज ऐकला आणि किल्ली कुलपातच ठेवून ते आत गेले. सायकल गेली, बायको मिळाली. पण लग्नानंतर केव्हातरी गाणं थांबलं. कुणी मना केलं नव्हतं, भांडण नव्हतं, घशाचं दुखणं नव्हतं. आधी रोज, मग सणासुदीला, मग कुणी फारच आग्रह केला तर, आणि मग आग्रह करणारेही दमले. बापूंनी गिटार घेतली ती खरं तर याच आशेने, की घरात काही वाजू लागलं तर तिच्याही गळ्यात काही हलेल. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कचेरीत ते 'बोटांना व्यायाम' म्हणून सांगत.

तेव्हा आता प्रश्न मेहुण्याचा राहिला नव्हता.

बापूंनी दुसऱ्या दिवसापासून शास्त्रीय पद्धतीने तपास सुरू केला. त्यांच्या लक्षात आलं की गिटार घेऊन स्वतःभोवती हळूहळू फिरलं तर घुंघुं कमीजास्त होते. खिडकीकडे तोंड केलं की ती गर्जत असे, दाराकडे केलं की कुरकुरत असे, आणि कपड्यांच्या कपाटाकडे नाक लावून उभं राहिलं की जवळजवळ बंद. त्यांनी हा शोध बायकोला आनंदाने दाखवला. तिने त्यांच्या पाठीकडे थोडा वेळ पाहिलं आणि शांतपणे विचारलं, वाढदिवसाला आलेल्या पाहुण्यांना काय सांगायचं, जावई रुसलाय म्हणून? बापूंनी तो मार्ग सोडून दिला.

इथे वरच्या मजल्यावरचे ओव्हरसियर या प्रकरणात आले. ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींकडे नळ म्हणून पाहत. त्यांच्या मते वीज म्हणजे पाणीच, फक्त दिसत नाही इतकंच. आणि घुंघुं म्हणजे गळती. गळती असेल तर सांधे बुजवायचे. पिकअपच्या वेटोळ्यांमध्ये फटी राहिलेल्या असणार, त्या मेणाने बुजवल्या की काम झालं. हे त्यांनी कुठेतरी वाचलंही होतं. कुठे, ते आठवत नव्हतं. पण कागद चांगला गुळगुळीत होता, एवढं नक्की.

आता यातली खरी गोष्ट अशी की पिकअप मेणात बुडवतात हे खरंच आहे. पण त्याने आवाज फार वाढवल्यावर उठणारी किंचाळी थांबते, घुंघुं थांबत नाही. तो रोग वेगळा आणि हे औषध वेगळं. शिवाय मेण पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात, मंद आचेवर वितळवायचं असतं. ओव्हरसियरांच्या मते मात्र मंद आच हा भित्र्या लोकांनी काढलेला प्रकार होता. बायको बाहेर गेलेली. बापूंनी घरातल्या सगळ्या मेणबत्त्या दुधाच्या पातेल्यात घातल्या. मोठ्या बर्नरवर त्यांचा भराभर पांढरा रस्सा झाला, मग त्यातून निळसर धूर निघू लागला, आणि "आत्ताच सोडा, आत्ताच," असं ओव्हरसियर म्हणाल्याबरोबर बापूंनी तिन्ही पिकअप वायरींना धरून आत सोडले.

आधी थोडे बुडबुडे आले. हवा बाहेर पडतेय, ओव्हरसियर समाधानाने म्हणाले. मग बुडबुडे थांबले आणि एक वास आला. बापूंनी पिकअप वर ओढले. ज्यांच्यावर तार गुंडाळलेली असते त्या हलक्या प्लास्टिकच्या सरळ, नेटक्या चौकटी उन्हात विसरलेल्या कंगव्यांसारख्या वाकल्या होत्या. एकातली चुंबकं निसटून पातेल्याच्या तळाला गेली होती, दुसऱ्याची तार सुटून मेणात तरंगत होती, आणि तिसऱ्याकडे बघून तो आधी काय होता हे कुणी सांगू शकलं नसतं.

त्याच वेळी बायको परत आली. तिने धुरातून वाट काढत पातेल्यात डोकावून पाहिलं.

"तिन्ही शिजले का?" तिने विचारलं.

ओव्हरसियरांना एकाएकी आठवलं की वरचा नळ चालू राहिला असावा. बापू एकटे उरले. पातेलं त्यांनी सगळी संध्याकाळ घासलं. पण पुढे कित्येक दिवस त्या घरातल्या चहाला वीज गेल्यासारखी चव येत होती, आणि बायको चहा देताना काही बोलत नसे, नुसता कप ठेवून उभी राहत असे. बोलली असती तर बरं झालं असतं, असं बापूंना वाटे.

वास्तविक इथे शहाण्या माणसाने मेहुण्याला फोन करून कोणते पिकअप घ्यावेत हे विचारलं असतं. बापूंनी फोन हातात घेतलाही होता. पण "शिजले" हा शब्द मेहुण्याच्या तोंडून ऐकण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यातल्या त्यात शाबूत राहिलेल्या एकमेव चौकटीवर त्यांनी स्वतःच नवी तार गुंडाळायची ठरवली. घरात सासूबाईंचं जुनं शिवणयंत्र पडून होतं. त्याच्या चाकावर रीळ भरायची जी सोय असते तिथे त्यांनी ती वाकडी चौकट बसवली. पंख्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडून बारीक तांब्याची तार आणली. ती एवढी बारीक की हातात धरली आहे की नाही हे दिव्याखाली जाऊन पाहावं लागे. बापू पाय मारायचे, आणि झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून ओव्हरसियर समोर बसून वेटोळी मोजायचे.

पण ओव्हरसियरांना मोजता मोजता गोष्टी आठवत. एखाद्या आकड्यावर आले की त्या आकड्याची कुठली तरी पाइपलाइन आठवे, मग त्या पाइपलाइनवरचा ठेकेदार, मग त्या ठेकेदाराची बदमाशी. आणि परत आले की आकडा कुठे ठेवला हे सापडत नसे. बापू खात्याचे निरीक्षक. मापात अंदाजपंचे हा शब्द त्यांनी आयुष्यात चालू दिला नव्हता. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. मग तार तुटे. शेवटी खात्याची अब्रू बाजूला ठेवून त्यांनी चौकट भरल्यासारखी दिसली तेव्हा थांबायचं ठरवलं.

जोडणी केली. गिटार मांडीवर घेतली. बायकोला मुद्दाम बोलावलं. ती हात पुसत दारात येऊन उभी राहिली. बापूंनी स्पीकर चालू केला, आणि तारेला हात लावायच्या आतच गिटारमधून एक भारदस्त पुरुषी आवाज म्हणाला की उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील.

कुठल्या तरी रेडिओ केंद्राला बापूंची वेटोळी पसंत पडली होती. त्यांनी गिटार उलटीसुलटी केली, चापट्या मारल्या. निवेदकाने सगळा अंदाज संपवला, किमान आणि कमाल तापमानासकट, आणि मगच तो थांबला.

"आवाज मात्र स्वच्छ आला," बायको म्हणाली आणि आत गेली. पण आत गेल्यावर ती हसत होती, हे बापूंना ऐकू आलं. बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं. त्यांनी त्याच संध्याकाळी परदेशातल्या एका दुकानाकडून नवे पिकअप मागवले. चांगले. मेहुण्यालाही नाव ठेवता येणार नाही असे. एकाच्या पोटात दोन वेटोळी, एकमेकांच्या उलट गुंडाळलेली. एकातली घुंघुं दुसरं गिळून टाकतं. संसार चालतो त्याच तत्त्वावर ते चालतात, असं बापूंना माहिती वाचून वाटलं.

पिकअप समुद्र ओलांडून सुखरूप आले आणि आपल्याच शहरात अडकले. आयात मालाच्या कचेरीतून एक उघडं कार्ड आलं: आपला पिकअप आमच्या ताब्यात आहे, कागदपत्रांसह हजर व्हावे. उघडं कार्ड घरमालकाच्या आधी जिना वाचतो. संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी झाली की बापूंनी मालवाहू पिकअप गाडी घेतली, आणि ती सरकारने जप्त केली.

पुढचे काही दिवस बापूंना लोकांच्या डोळ्यांत एक नवाच आदर दिसू लागला. सोसायटीच्या चिटणीसांनी त्यांना जिन्यात थांबवून सांगितलं की अवजड वाहन आवारात उभं करता येणार नाही, मागच्या बाजूला करा, आणि माल रात्रीचा उतरवू नका. बापूंनी समजावलं की पिकअप तळहातावर मावतो. चिटणीस समजूतदारपणे हसले. खात्यातला माणूस आहे, उघड कसं बोलेल, असं ते हसणं होतं. तळमजल्यावरच्या बाईंनी आपलं लोखंडी कपाट बहिणीकडे पोचवायचं आहे, घाई नाही, गाडी सुटली की सांगा, असं कळवलं. ओव्हरसियरांना खरी गोष्ट माहीत होती; पण त्यांना कुणी विचारलं की ते डोळे मिटून "वेळ आली की कळेल" म्हणत, कारण एवढं महत्त्व त्यांना निवृत्तीनंतर प्रथमच मिळत होतं. शेवटी मेहुण्याचा फोन आला. भाऊजी नोकरी सोडून वाहतुकीच्या धंद्यात पडताहेत असं त्याच्या कानावर आलं होतं. काही अडचण असेल तर आपल्याला परकं समजू नका, असं तो म्हणाला. आवाजात तीच ती दया होती.

आयात कचेरीत बापू खात्याचं ओळखपत्र खिशाला लावून गेले. तिथल्या कारकुनाने ते पाहिलंसुद्धा नाही. आपण रोज दुकानदारांशी जसे वागतो तसंच आपल्याशी कुणी वागतंय, हे ध्यानात यायला बापूंना थोडा वेळ लागला, आणि आल्यावर त्यांनी ओळखपत्र काढून खिशात टाकलं.

कारकुनाने नोंद वाचली. गिटार पिकअप, सुटे भाग. गाडीच्या नोंदणीचं पुस्तक आणलंय का?

बापूंनी सांगितलं, गाडी नाही.

"गाडी नाही आणि सुटे भाग मागवले," कारकून स्वतःशी म्हणाला. मग मान वर करून त्याने विचारलं, "ही गिटार कंपनी कुठली? नवीन मॉडेल दिसतंय."

बापूंनी वाद्य म्हणजे काय, तार म्हणजे काय, चुंबक म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. कारकुनाने ऐकून घेतलं आणि सांगितलं की वाद्याचा भाग असेल तर टेबल वेगळं. पण त्या टेबलाकडे पाठवायचं तर ते वाद्य आहे हे सिद्ध झालं पाहिजे. वाद्य घेऊन या. बापू दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून गिटार घेऊन गेले. गिटारच्या पोटात तीन भोकं होती, त्यातून वायरी लोंबत होत्या. कारकुनाने ती दोन बोटांनी उचलून पाहिली.

"वाजवून दाखवा."

"पिकअप बसल्याशिवाय आवाज येणार नाही."

"आवाज आल्याशिवाय पिकअप सोडता येणार नाही."

दोघंही सरकारी नोकर. आपण किती सुंदर जागी येऊन पोचलो आहोत, हे दोघांनाही कळलं होतं. यातून पुढे वाट नव्हती, म्हणून प्रकरण आतल्या खोलीतल्या बाईसाहेबांकडे गेलं.

बाईसाहेबांनी सगळं ऐकलं आणि आहे तशी वाजवायला सांगितली. आता इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तरी अगदीच मुकी नसते. डासाएवढा आवाज येतो. बापू फायलींच्या ढिगावर टेकले आणि त्यांनी बायकोचं आवडतं गाणं सुरू केलं. शेजारच्या खोलीतला टाइपरायटर थांबला. कुणीतरी पंखा बंद केला. कारकून कान पुढे करून वाकला, दारात दोन शिपाई येऊन उभे राहिले, आणि सगळी कचेरी श्वास रोखून तो डास ऐकू लागली. बापूंनी आयुष्यात एवढे सज्जन श्रोते पाहिले नव्हते.

गाणं संपल्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "वाजतंय की. मग पिकअप हवाय कशाला?"

बापूंनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे चुंबकांचं सगळं उत्तर तयार होतं. पण का कुणास ठाऊक, निघालं भलतंच.

"माझी बायको गायची," ते म्हणाले. "आता गात नाही. गिटार नीट वाजली तर म्हणेन म्हणालीय. तिच्या आईच्या वाढदिवसाला. सासूबाईंना कमी ऐकू येतं."

बाईसाहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग कारकुनाला सांगितलं की हे वाद्य आहे असं माझं मत झालंय, शिक्का आणा. बापू पाकीट घेऊन बाहेर पडले तेव्हा एका शिपायाने त्यांना जिन्यापर्यंत सोडलं आणि हळूच विचारलं की ते मधलं जरा चुकलं होतं का. बापू म्हणाले, नाही, ते तसंच आहे.

पिकअप बसवण्याच्या वेळी ओव्हरसियर आपली डागणी घेऊन खाली आले. डागणी म्हणजे वायरी जोडायची, सोल्डरिंगची. पण ती पाण्याच्या टाकीचे पत्रे जोडण्यासाठी घेतलेली. लोहाराच्या हातात शोभली असती. तिच्या टोकाखाली गिटारमधली वाटाण्याएवढी बटणं म्हणजे हत्तीच्या पायाखालचा हरभरा. तिने पहिल्याच स्पर्शात आवाज कमीजास्त करायचं बटण असं काही भाजलं की ते पुढे फक्त जास्तच करू लागलं. बापूंनी यावेळी मात्र धीर करून ओव्हरसियरांना चहा दिला, तोच तो चहा, आणि चहाची चव घेतल्यावर ते स्वतःच घरी गेले. मग बापूंनी नवं बटण आणलं, बारीक टोकाची डागणी आणली आणि एकट्याने काम केलं. बोटं भाजली, भुवईचा थोडा भाग गेला. पहिल्यांदा एका पिकअपच्या दोन वायरी उलट्या लागल्या आणि गिटार सर्दी झाल्यासारखी नाकात बोलू लागली. त्यांनी वायरी सोडवून अदलाबदल केली. स्पीकर लावला.

काहीच आवाज आला नाही.

घुंघुं नाही, खरखर नाही, हवामान नाही. बापूंना वाटलं, गेलं सगळं. हताशपणे त्यांनी मधल्या तारेवर नख मारलं, आणि खोलीत घंटेसारखा एक स्वर उभा राहिला. गोल, भरीव, स्वच्छ. तो हळूहळू विरत गेला आणि त्याच्या मागे पुन्हा तीच निर्मळ शांतता. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. बायको दारात आली नाही. पण भांडीही बराच वेळ पुढे वाजली नाहीत.

वाढदिवस एका छोट्या सभागृहात होता. सासूबाई पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत. त्यांच्या कानातलं यंत्र मेहुण्याने नीट करून दिलेलं. इमारतीतली मंडळी आली होती, कारण अजूनही काहींना वाटत होतं की पिकअप बाहेर उभा असेल. बायको स्टेजवर बापूंच्या शेजारी येऊन बसली. तिने साडीचा पदर नीट केला, घसा साफ केला, आणि बापूंना अगदी हळू म्हणाली, "मला नाही वाटत जमेल. तुम्ही आधी एक वाजवा. मग बघू."

बापूंनी मान हलवली. स्पीकर चालू केला. सभागृहात ती निर्मळ शांतता पसरली, मेहुण्याच्या भुवया वर गेल्या, आणि बापूंना क्षणभर वाटलं की आयुष्यातलं एक काम तरी आपण तोलून-मापून पुरं केलं. त्यांनी सुरुवात केली.

तेव्हा एक गोष्ट उघडकीला आली. जुनी गिटार घुंघुं करायची, खरखरायची, त्यामुळे बापू नक्की काय वाजवतात हे आजवर कुणाला नीट ऐकूच आलं नव्हतं. खुद्द बापूंनासुद्धा. त्या भुंग्याने इतकी वर्षं त्यांच्यावर पांघरूण घातलं होतं. नव्या पिकअपने ते ओढून काढलं. बोट तारेवरून निसटलं, ते ऐकू आलं. एक सूर चढा लागला, तो शेवटच्या रांगेपर्यंत चढाच गेला. दुसऱ्या ओळीला त्यांची नेहमी घाई होत असे हे त्यांना आत्ता, सगळ्यांबरोबरच कळलं. चुका घंटेसारख्या वाजत होत्या. गोल, भरीव, स्वच्छ. कचेरीतल्या त्या शिपायाने काय विचारलं होतं, तेही बापूंना आता समजलं. घाम कपाळावरून डोळ्यांत आला, तशी आणखी दोन बोटं चुकली.

पहिल्या रांगेतून सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "जावईबापू चुकले वाटतं." कमी ऐकू येणारी माणसं मोठ्याने बोलतात.

कुठेतरी कुणी हसू दाबलं. बापूंना वाटलं, हात काढून घ्यावा, वायर उपटावी आणि मागच्या दाराने निघून जावं. त्यांनी हात तारांवरून उचललाही असता. पण तेवढ्यात शेजारून एक आवाज आला.

बायको गात होती. सुरुवातीला जरा जड, कुलूप गंजलेलं असावं तशी. बापूंची चूक पुढे आली की ती आवाज चढवी, त्या चुकीवर एक तान अशी टाकी की चूक खाली दिसेनाशी होई. बापू घाईने पुढे पळाले तर ती शब्द लांबवून त्यांना मागे ओढून आणी. बापू अडखळून थांबले तर ती थांबत नसे; ती तेवढी जागा भरून काढी आणि त्यांची वाट पाही. तिने एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या कडव्यापर्यंत तिला बापूंना झाकायचं आहे याचीही आठवण राहिली नव्हती. ती नुसतीच गात होती. खिडकीबाहेर कुणी आपली सायकल सोडून आत आलं असतं, असं. बापूंनी तीनच सोपे सूर धरून ठेवले आणि ते ऐकत राहिले. डोळ्यांत घामच गेला होता, असं त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

टाळ्या तिच्यासाठी होत्या, आणि त्या लवकर थांबल्या नाहीत. सासूबाईंनी लेकीला जवळ घेऊन तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मोठ्यानेच सांगितलं, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू आलं नाही. मेहुणा स्टेजवर आला. त्याने गिटार हातात घेतली, उलटून पाहिली, एक तार छेडली.

"पिकअप फार चांगले आहेत, भाऊजी," तो म्हणाला. "काही लपत नाही यांच्यात."

या वेळी त्यात दया नव्हती. बापूंनी खरोखर शोधून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू कचेरीची पेटी घेऊन निघायच्या बेतात होते. बायकोने त्यांच्या हातातून पेटी काढून घेतली, टेबलावर ठेवली आणि खुर्ची पुढे सरकवली. अजून वेळ आहे, ती म्हणाली. दुसऱ्या ओळीला तुम्ही पळता. तिथे माझा दम जातो. रोज थोडा वेळ बसायचं, ती ओळ सुधारेपर्यंत.

बापूंनी विचारलं की सुधारली नाही तर काय. मग रोजच बसावं लागेल, ती म्हणाली, आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.

बापूंनी वायर जोडली. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. त्यांची बोटं तारांवर जाऊन थबकली.

"हं," ती म्हणाली. "आता चुका. मी ऐकतेय."